भुयाराचं दुसरं तोंड

नागपूर,
६ फेब्रुवारी १९५५

प्रिय बाई,

तुला आणि भाऊजींना धाकट्या भावाचा, गुणवंताचा नमस्कार. मोटारीचा कोलू ड्रायव्हर तुझ्या हातात एक जाळीचं खोकं देईल. ते उघडायच्या आधी हे पत्र पूर्ण वाच. नाहीतर तू किंचाळशील आणि भाऊजी टांगी-कुऱ्हाड घेऊन धावतील.

खोक्यात हॅमस्टर आहे. उंदराच्याच कुळातला, पण उंदीर नव्हे. सोनेरी अंग, शेपूट नावापुरती, आणि दोन्ही गालांत पिशव्या. दाणे गालात भरतो आणि बिळात नेऊन साठवतो. आमच्या प्रयोगशाळेत त्यांची पिल्लावळ फार झाली, तेव्हा साहेब म्हणाले, जास्तीचे कोणाला हवे तर द्या. मला तुझीच आठवण झाली. कार्तिकापासून तू नुसती ओसरीत बसून नाल्याकडे पाहत राहतेस, असं भाऊजींनी लिहिलं होतं. हाताला काही काम असलं की बरं.

काम आहेच. या प्राण्याला भुयारं आणि लपायच्या जागा लागतात. त्या नसल्या तर तो खात नाही, झुरतो. तुमच्या बेलगट्ट्याला बांबूला काय तोटा? दोन-चार तऱ्हेच्या जागा करून ठेव आणि त्याला निवडू दे. आपण निवडलेली त्याला पटत नाही, त्यानं निवडलेली आपण चालवून घ्यायची. एक मात्र लक्षात ठेव. भुयाराला दोन तोंडं पाहिजेत. एका तोंडाच्या भुयारात हा मुक्काम करत नाही. साप आला तर दुसरीकडून निघता यावं, हे त्याच्या रक्तातच आहे.

बिछान्यासाठी आईनं वरोऱ्याहून कापूस दिला आहे. कीड लागू नये म्हणून त्यात कडुलिंबाचा पाला घातला आहे. गाठोड्याला मी बाबांची गाठ मारली आहे. भाऊजींना सुटायची नाही, तूच सोड.

तुझा
गुणवंत


बेलगट्टा फॉरेस्ट नाका,
आलापल्लीच्या पुढं
२१ फेब्रुवारी १९५५

अरे लेका गुणवंता,

नागपूरची हवा लागल्यापासून तू लय पुस्तकी लिवून राह्यला. 'उंदराच्याच कुळातला' म्हणे! घरच्या माणसाले घरच्यासारखं लिवत जा.

तुहा पाहुणा पोचला. आम्ही त्याले पाहुणाच म्हणतो. कोलूनं मोटारीतल्या बायांले सांगतलं की खोक्यात नागपूरचे पेढे हायेत. एका बाईनं वास घ्याले जाळीले नाक लावलं, आन पाहुण्यानं आतून नाक लावलं. बल्लारशापर्यंत मोटारीत तोच गोंधळ होता म्हणे. तुहे भाऊजी कपाळाले हात लावून बसले. "जंगलात उंदीर कमी पडले होते का, का नागपूरहून मागवावा लागला?" म्हणतात. पण दिवेलागणीले तेच पहिले जाळीपाशी जाऊन बसतात. मी चुलीपाशून पाहून राह्यली.

गाठ त्यायले नाईच सुटली. दातानं ओढून पायली, सुरी मागतली. मी दोन बोटांनी सोडली. बाबा असते तर हासले असते. जिनात कापसाचे गठ्ठे आवळता आवळता त्यायनं काढलेली ती उलटी गाठ, ती सोडणारे आता आपण दोघंच उरलो.

आता तुह्या पाहुण्याचे नखरे आयक. बांबूचं कांडकं दिलं, दोन्ही तोंडं मोकळी, आतून घासून गुळगुळीत केलं. हा इकून गेला, तिकून निघाला, पुन्हा ढुंकून पायलं नाई. वाळल्या भोपळ्याच्या तुंब्याले दोन भोकं पाडून दिली. तुंबा कुरतडून ठेवला. फुटकं गाडगं पालथं घातलं, त्यात एक दुपार झोपला आन निघून आला. रॉकेलच्या डब्याचं तर नावच नको. धानाची तणीस घातली, आईचा कापूस घातला, लाखोळीचे दाणे भाजून देतो, तर खाते फक्त तेवढं. मंग कोपऱ्यात पाठ लावून बसून राह्यते. अरे, नवरा पसंत करताना मी तरी एवढे नखरे केले होते का?

त्याचं पाहून मले माहं समजते. मलेबी कुठी जीव लावून बसता येत नाई.

गुणवंता, एक विचारतो. नाई म्हणू नको. मले ताप होता, डोळे उघडत नव्हते, मांडीवरचं बाळ कवा उचलून नेलं ते मले समजलं नाई. तू त्या दिवशी इथी होता. ह्यायच्यासंगं तू गेला होता. कुठी ठेवलं त्याले? ह्यायले विचारतो तं म्हणतात, "जंगलात." अरे, जंगलात म्हणजे कुठी? चहूकडं जंगलच हाये. नाल्याच्या अंगानं का टेकडीच्या अंगानं, तेवढं तरी सांग. ज्येष्ठात ह्यायची बदली चांद्याच्या लाकडाच्या डेपोत होऊन राह्यली. इथून एकदा गेलो की मले कोण सांगणार? पोटच्या पोराले कुठी सोडून चालली, हे ठाऊक नसताना मी मोटारीत कशी बसू?

मले फक्त जागा पायजे.

तुही बाई,
नीला


नागपूर,
६ मार्च १९५५

प्रिय बाई,

पत्र मिळालं. मोटारीतल्या बाईचा किस्सा साहेबांना सांगितला, तेसुद्धा हसले.

पाहुण्याचं म्हणशील तर अजून धीर धर. बांबू गुळगुळीत केलास तिथेच चुकलं. या जातीला खरखरीत लागतं, पायाला पकड हवी आणि मातीचा वास हवा. ओल्या मातीत चार दिवस पुरून ठेवलेला बांबू दे. किंवा झाडाची वाळलेली साल गुंडाळून नळी कर, सागाची चालेल. तोंड फार रुंद ठेवू नकोस, अंग घासून जाईल एवढंच ठेव. आतला अंधार पुरा पाहिजे. खोकं ओसरीच्या उजेडात असेल तर आत घे. वारुळाची माती मिळाली तर खाली पसर. तुंबा कुरतडला म्हणजे दात शिवशिवत असतील, बाभळीची काडी देऊन पाहा.

बदली होते आहे हे उत्तम झालं. चांद्यात शेजारपाजार आहे, दवाखाना आहे. आई म्हणते, आधी महिनाभर वरोऱ्याला येऊन राहा.

दुसरं जे तू विचारलंस, ते आता मनातून काढ. झालं ते झालं. तुझी प्रकृती महत्त्वाची.

तुझा
गुणवंत


बेलगट्टा,
१२ एप्रिल १९५५

गुणवंता,

पानभर भुयार आन बोटभर उत्तर! तुले लहानपणापासून ओळखतो मी. लपवाचं असलं की तू लय बडबड करते. असू दे. आज भांडाले वेळ नाई, तुले दुसरंच सांगाचं हाये.

गेल्या आठवड्यात वावधन सुटलं. असं वावधन मी इथी आल्यापासून पायलं नव्हतं. नाक्याच्या छपराची कवेलू उडाली, बांबूचे बेट आडवे झाले, नाल्यापलीकडं मोठमोठी झाडं मुळासकट पडली. त्या आवाजानं पाहुणा जाळीले लटकून राह्यला. खाली उतरेचना.

दुसऱ्या दिवशी सोमारी आली. तुले ठाऊक हाये, पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली, पत्रूची बायको. मी तिले कवाची सांगून ठेवलं होतं की ह्या पोट्ट्याले लपाले काई चांगलं दिसलं तं आणजो. तिनं पडलेल्या झाडाच्या मुळाचा एक तुकडा आणला. हातभर लांब, पोकळ. एका बाजूनं तोंड, दुसऱ्या बाजूनं माती अशी घट्ट बसलेली, दगडासारखी. मी म्हणलं, "सोमारी, हे चालणार नाई, ह्याले दोन तोंडाचं लागते." ती म्हणे, "ठेव बाई. हे तुह्याच घरचं हाये." मले वाटलं, तिले मराठी नीट जमत नाई म्हणून तसं म्हणली.

अरे, ठेवल्या ठेवल्या पाहुणा जाळी सोडून उतरला. मुळाच्या तोंडाशी थांबला, वास घेतला, आन आत गेला. तवापासून तेच त्याचं घर. तू तं म्हणला होता, एका तोंडाच्या भुयारात हा राह्यतच नाई. मंग?

आन गालभर लाखोळी नेते, बाहेर येते तं गाल रिकामे. पुन्हा नेते. आईचा कापूसबी सारा नेला. मी म्हणलं, आता आत जागा उरली नसन, सडून जाईन. म्हणून तो बाहेर होता तवा हात घालून पायला. आत काईच नाई. एक दाणा नाई, कापसाची एक पुणी नाई. शेवटाले नुसती ती दगडासारखी माती. ह्यायले दाखवलं. म्हणतात, "खात असन." अरे, आपल्या मुठीवढा जीव, तो पायलीभर लाखोळी खाते का?

अजून एक हाये. भावाले सांगाची गोष्ट नाई. पण मायले लिवलं तं ती रडत बसन, आन इथी बोलाले दुसरं कोण हाये? ते मूळ घरात आल्यापासून मले पान्हा येऊन राह्यला. कार्तिकात बाळ गेलं, दूध मार्गशीर्षात आटलं. आता दिवेलागणीले पाहुणा मुळात शिरते आन माही चोळी ओली होते. मी भ्याली. सोमारीले सांगाले गेली, तं मी तोंड उघडाच्या आधी तिनंच विचारलं, "दूध येऊन राह्यलं का, बाई?" मी हो म्हणलं. तिनं मान हालवली, जशी मी पाऊस आला म्हणून सांगतलं.

तुले वाटन बाईचं डोकं फिरलं. फिरलं असन तं फिरू दे. पण मी कार्तिकापासून पयल्यांदा पोटभर जेवून राह्यली.

नीला


नागपूर,
२० एप्रिल १९५५

प्रिय बाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि फार काळजी वाटली. रागावू नकोस. अशक्तपणात आणि मनाच्या धक्क्यानं असं होतं. इथल्या डॉक्टरीणबाईंना मी नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, कधी कधी महिन्यांनंतरही दूध येतं, घाबरण्यासारखं नाही. टॉनिकच्या दोन बाटल्या कोलूच्या हाती पाठवतो आहे, जेवणानंतर घे. पाहुण्याचं म्हणशील तर तो खोक्याला कुठे तरी भोक पाडून दाणे बाहेर नेत असणार. तळ तपासून पाहा.

आणि ते मोहाचं मूळ आधी घराबाहेर काढ. लांब नेऊन टाक, नाहीतर जाळून टाक. सोमारीच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. तिला काही विचारूही नकोस. त्या लोकांच्या समजुती वेगळ्या. ज्येष्ठाची वाट न पाहता सरळ वरोऱ्याला निघ. भाऊजींनाही मी वेगळं पत्र लिहीत आहे.

तुझा
गुणवंत


बेलगट्टा,
२ मे १९५५

गुणवंत,

टॉनिक मिळालं. बाटल्या फळीवर ठेवल्या हायेत.

खोक्याचा तळ ह्यायनं तपासला. अख्खा हाये. खाली शेणानं सारवलेली जमीन, तिले सुईएवढं भोक नाई.

आता मले सांग. ते मूळ मोहाचं हाये, हे तुले कोणं सांगतलं? मी माह्या पत्रात झाडाचं नाव लिवलं नव्हतं. मले ठाऊकच नव्हतं. वाळलं मूळ पाहून कोण ओळखन ते? तुहं पत्र आल्यावर मी सोमारीले विचारलं, तवा तिनं सांगतलं की हो, मोहाचं. मंग तू नागपुरात बसून कसं ओळखलं?

थांब, घाई करू नको. पुढचं वाच.

परवा दिवेलागणीले पाहुणा मुळातून निघाला. एक गाल फुगलेला. मी म्हणलं, आजपर्यंत आत नेत होता, आज बाहेर काय आणलं ह्यानं? माह्यापुढं आला, दोन्ही पंजांनी गाल दाबला, आन थुंकल्यासारखं टाकलं. भोकाचा तांब्याचा पैसा. लढाईच्या दिवसांत चालत होता तो. हिरवा पडलेला, मातीनं भरलेला. भोकात काळ्या दोऱ्याचा तुकडा. दोरा कुजला होता, हात लावला तं तुटला. गाठ मात्र शाबूत होती.

ह्यायले दाखवला. त्यायले त्या पैशाचं काईच ठाऊक नाई. खोटं बोलत असते तं मले समजलं असतं. सोमारीले विचारलं, "तू घातला होता का मुळात?" तिनं पैशाकडं पायलं आन दोन पावलं मागं सरकली. म्हणे, "मी झाड आणलं बाई. बाकी काई नाई आणलं."

मंग मी दिव्यापाशी नेऊन ती गाठ पायली. दोनदा फिरवून तिसऱ्यांदा उलटी काढलेली. बाबाची गाठ.

मी मारली नाई, गुणवंत.

मंग कोणं मारली?

काळा दोरा, भोकाचा पैसा. म्हणजे करदोडा. आन पयला करदोडा कोण बांधते? मामा बांधते. तुले बाबाची आण हाये. आता तरी बोल.

नीला


नागपूर,
९ मे १९५५

बाई,

तुहं पत्र वाचलं. पुस्तकी लिवणं आज जमत नाई, तू म्हणली होती तसं घरचंच लिवतो.

सांगतो. सारं सांगतो.

तुहा ताप उतरत नाई म्हणून निरोप आला, म्हणून मी निघालो होतो. बारशासाठी नाई. वरोऱ्याले सोनाराकडं आईनं चांदीचा करदोडा घडवाले टाकला होता, तो अजून झाला नव्हता. मी मोटारीतून उतरलो तवा भाऊजी दारात बसले होते. त्यायच्या मांडीवर धडुत्यात गुंडाळलेलं बाळ होतं. मले वाटलं, झोपलं हाये. तू आत बरळून राह्यली होती.

आम्ही तिघं गेलो. भाऊजी, पत्रू आन मी. भाऊजी नाल्याच्या वाळूत खड्डा कराले लागले, तं पत्रूनं हात धरला. तो म्हणे, दूध पिणारं लेकरू असं उघड्यावर ठेवत नाईत. त्यायच्यात असं लेकरू मोहाच्या मुळाशी ठेवतात. मोहाच्या अंगात दूध असते, ते लेकराले पाजते. भाऊजीनं हात थांबवला. पत्रू पुढं चालू लागला आन आम्ही मागं. नाल्यापलीकडं, टेकडीच्या पोटाशी एक मोठा मोह होता. तिथी.

आपल्यात मायले जागा दाखवत नाईत. दाखवली तं तिचा जीव तिथीच घुटमळते आन पुढची कूस भरत नाई, असं भाऊजीच्या मायनं त्यायले सांगून ठेवलं होतं. त्यायनं मले आईची शपथ घातली. मी घेतली. तुह्यासाठीच घेतली, बाई, तुले फसवाले नाई.

पैशाचं भाऊजीले ठाऊक नाई, हे खरं हाये. ते दगड आणाले गेले होते. पत्रूची पाठ होती. मी खाली वाकून पायलं, तं त्याची कंबर उघडी. मामा असून मी त्याले रिकामाच धाडून राह्यलो, असं वाटलं. माह्या किल्ल्यांच्या जुडग्यात तो भोकाचा पैसा होता. गळ्यातला काळा दोरा तोडला, त्यात ओवला, आन कमरेले बांधला. गाठ पक्की बसावी म्हणून बाबाची मारली. मंग भाऊजीनं माती लोटली. वरतून दगड रचले, मोठे मोठे, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. ते त्यायनं एकट्यानं रचले. आमाले हात लावू दिला नाई.

वावधनात मोठी झाडं पडली म्हणून तू लिवलं, मूळ आणलं म्हणून लिवलं, तवाच मले वाटलं, तोच मोह असन. म्हणून ते नाव तोंडातून निघून गेलं. बाई, झाड पडलं असन तं खालची जागा उघडी पडली असन. पैसा वर आला म्हणजे... मले लिववत नाई. मी सुटीचा अर्ज देऊन राह्यलो. मी येईपर्यंत तू तिथी जाऊ नको. तुह्या पाया पडतो. आधी मी आन भाऊजी जाऊन पाहू.

मले माफ करजो.

गुणवंता


बेलगट्टा,
२३ मे १९५५

माह्या गुणवंता,

मी थांबली नाई. तू थांबला असता का?

तुहं पत्र सकाळी आलं. मी ते वाचलं, तो पैसा ह्यायच्या हातात ठेवला, आन म्हणलं, "हा तुमच्या पोराचा करदोडा. मामानं बांधला होता. आता उठा, मले घेऊन चला." हे पैसा मुठीत धरून खाली बसले. मंग जे रडले रे! कार्तिकात एक टिपूस काढला नव्हता ह्या माणसानं. मले वाटत होतं, ह्याले काईच वाटलं नाई. सहा महिने एका घरात राहून आम्ही एकमेकाले वळखलं नाई.

वाटेत सोमारी आन पत्रूले हाक मारली. नाला ओलांडला. आपल्या ओसरीतून मोठ्यानं हाक दिली तं तिथी ऐकू जाईन, एवढंच लांब हाये. म्हणजे मी रोज बरोबर तिकडंच तोंड करून बसत होती.

मोह आडवा पडला हाये. मुळं वर आली हायेत, त्यायच्या मधात माती लोंबते. सोमारीनं एक तुटलेलं मूळ दाखवलं, तिथूनच तिनं माह्यासाठी तुकडा कापला. म्हणली, "झाड पडलं तं लेकराले दूध कोण पाजन? म्हणून झाड त्याच्या मायच्या घरी नेऊन ठेवलं. तुह्या घरच्यानं सांगू नको म्हणलं होतं, म्हणून तोंडानं नाई सांगतलं." मले तिचा राग नाई आला. तिच्या गळ्यात पडून मी रडली.

आता तुले जे भेव होतं ते. जागा उघडी पडली नाई, गुणवंता. झाड टेकडीकडच्या अंगानं उपटलं, ह्या बाजूची माती हालली नाई. ह्यायनं रचलेले दगड जसेच्या तसे. ह्यायनं एक एक दगड हात लावून पायला, कोणता कुठी ठेवला ते त्यायले अजून याद हाये. म्हणे, "एकबी सरकला नाई." वरतून गवत वाळून गेलेलं. माती अशी तापून कडक की टांगी टाकली तं टणकन वाजन. तिथून काई निघालं असन असं कोनालेच म्हणता येत नाई. पत्रूनं वाकून पायलं आन तो बाजूले जाऊन बसला.

मंग मले दिसलं. दोन दगडांच्या मधात, खालच्या अंगाले, एक बीळ. पाहुणा अंग घासून जाईन एवढंच. त्याच्या तोंडाशी कापूस.

तू म्हणशीन, कापूस कोनाचाबी असते. जंगलात कोण आणते कापूस? आन त्यात कडुलिंबाचा पाला चुरलेला होता, आईनं घातलेला. मी दोन बोटं आत घातली. कापूस दाबून, पसरून, नीट बिछाना केल्यावाणी. त्याच्या खाली भाजलेली लाखोळी. माह्याच तव्यावरची, एका अंगानं जरा जळलेली. हात जाईन तितकं आत तेच.

हे मागं उभे होते. "खोक्याची कडी तं रोज मी लावतो, नीला," म्हणले. तेवढंच म्हणले. त्यायनं पाठ फिरवली आन मी पदर घेऊन तिथी बसली. काय केलं ते तुले लिवाची गरज नाई. दूध त्या फटीतून गेलं, माती वाळली होती, लगेच पिऊन घेतलं. मंग मी पैशाले नवा काळा दोरा ओवला, बाबाची गाठ मारली, आन बिळात जाईन तितका आत सरकवून दिला. मामानं दिलेलं काढून घेत नसतात.

नाव ठेवलं. ह्यायनंच म्हणलं, "तुह्या बाबाचं ठेव." तिथी मोठ्यानं तीनदा हाक मारली, सोमाजी, सोमाजी, सोमाजी म्हणून. पाळणा म्हणता आला नाई. पत्रू म्हणते, मोहाचं बी आता पिकून पडून राह्यलं, पाऊस लागला की तो आन सोमारी त्याच जागी लावतीन.

घरी आलो तं दिवे लागाची वेळ होती. पाहुणा खोक्यात नव्हता. कडी लागलेली, जाळी अख्खी, तळ अख्खा. ह्यायनं मुळात काडी घालून पायली. काडी शेवटाले जाऊन त्या दगडासारख्या मातीवर टक्‌ वाजली. हे मूळ फोडाले निघाले होते, मी हात धरला.

आता पान्हा आटला. चोळी कोरडी हाये. जेवण जाते.

येत्या आठवड्यात आम्ही चांद्याले जातो. आता जाता येते मले. तू सुटी काढून तिथीच ये, जंगलात येऊ नको, इथलं काम झालं. रिकामं खोकं कोलूच्या हाती परत पाठवून राह्यली. मूळ मी सोमारीले देऊन चालली.

आन तू पयल्या पत्रात लिवलं होतं की एका तोंडाच्या भुयारात हा प्राणी मुक्काम करत नाई. मी तुले नावं ठेवली, बावा. तुहं बरोबर होतं. दुसरं तोंड होतंच. ते कुठी हाये, एवढंच मले कोणी सांगत नव्हतं.

तुही बाई,
नीला